दाब, प्रवाह आणि रोध : काही रूढ गैरसमज

विजेचे बिल दरमहा बिनतक्रार भरणाऱ्या, एवढेच नव्हे तर शालेय जीवनात ओहमचा नियम मुखोद्गत केलेल्या सुशिक्षित गृहस्थालाही, 'तारेतून २३० व्होल्ट वाहतात' असे बेधडक बोलताना कोठे काही खटकत नाही. वस्तुतः व्होल्टेज वाहत नाही. वाहतो तो प्रवाह. विद्युद्दाब म्हणजे दोन बिंदूंमधील विभवाचा भेद, आणि ज्या सॉकेटला काहीही जोडलेले नाही, जेथे प्रवाह सर्वथा शून्य आहे, तेथेही तो पुरेपूर हजर असतो.

याहून चिवट असा समज म्हणजे दिवा किंवा पंखा प्रवाह 'खातो' हा. टाकीतले पाणी नळातून घेतले की संपते, या दृष्टान्ताने हा समज बळावला असावा. परंतु परिपथात दिव्याच्या अलीकडे अँपिअरमापक जोडा की पलीकडे, आकडा तोच दिसतो. कारण कोणत्याही क्षणी एका टोकाने जेवढा प्रवाह आत शिरतो, नेमका तेवढाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. खर्ची पडते ती ऊर्जा, आणि मीटरच्या हिशेबात जमा होणारे युनिटही ऊर्जेचेच, म्हणजे किलोवॉट-तासाचे, असते.

जितके वॉट अधिक तितका रोध अधिक, अशीही एक समजूत आहे. २३० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा त्याचा रोध जेमतेम २६ ओहम ठरतो. उलट ६० वॉटच्या तंतूच्या दिव्याचा रोध, तो पूर्ण तेजाने जळत असताना, ८८२ ओहम भरतो. दाब कायम असेल तर कमी रोधाच्या वाट्याला अधिक प्रवाह, आणि म्हणून अधिक शक्ती, येते. मात्र ६० आणि १०० वॉटचे दोन दिवे एकापुढे एक, एकसरीत जोडले, तर पाहणाऱ्याची अपेक्षा सपशेल फसते : ६०चा दिवा उजळ दिसतो आणि १००चा मिणमिणतो, कारण आता दोहोंतून प्रवाह एकच जात असून दाबाची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते. दिव्यावर छापलेले वॉट हे त्यासोबत छापलेल्या दाबापुरतेच खरे असतात, ही अट मात्र कोणी वाचत नाही.

खुद्द ओहमच्या नियमासही लोक सरसकट अनिर्बंध सत्ता बहाल करतात. जॉर्ज सायमन ओहम हा कोलोनच्या शाळेतला शिक्षक. व्होल्टाच्या विद्युत्घटाचा दाब प्रयोग चालू असतानाच ढळतो हे ध्यानी आल्यावर, भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने तापयुग्माचा आश्रय केला, त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून दाब स्थिर राखला, व सारख्या जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून प्रवाह मोजला. १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्या विवेचनाची कदर होण्यास अवकाश लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्याला १८४१ मध्ये मिळाले. स्थिर तापमान ही या नियमाची पूर्वअट होय. टंगस्टनचा तंतू थंड असताना त्याचा रोध तप्त स्थितीतील रोधाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. बटण दाबताच क्षणभर प्रवाहाचा लोंढा येतो, आणि असा दिवा बहुधा लावतानाच का उडतो याचा उलगडाही त्यातच आहे.

राहिला प्रश्न धक्क्याचा. 'व्होल्टेज मारते' म्हणणारे आणि 'व्होल्टेज नव्हे, करंट मारतो' असे त्यांना दटावणारे, दोघेही अर्धेच बोलतात. कोरड्या केसांतून कंगवा फिरविताना हजारो व्होल्ट निर्माण होतात, पण विद्युत्प्रभारच इतका अल्प की इजा होत नाही. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना शेकडो अँपिअर देते. तरी तिच्या दोन अग्रांना कोरडे हात लावले तर, शरीराचा रोध दहा हजार ओहम धरल्यास, १२ व्होल्ट मिलिअँपिअरभर प्रवाहच ढकलू शकतात. बॅटरी किती देऊ शकते, यावरून हातातून किती जाईल हे ठरत नसते. त्वचा ओली असली म्हणजे तोच रोध हजार ओहमच्या घरात उतरू शकतो, आणि मग २३० व्होल्टवर ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो, जो हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा आहे.

एवढ्याशा प्रवाहाची पाच अँपिअरचा फ्यूज दखलही घेत नाही. त्याची नेमणूक तारा तापून आग लागू नये एवढ्यासाठीच आहे, माणसासाठी नव्हे. माणसासाठी जे वेगळे संरक्षक साधन बोर्डावर बसवितात, ते फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सतत ताडून पाहत असते, आणि परतणाऱ्यात साधारण ३० मिलिअँपिअरची तूट आढळताच, ती कोणाच्या अंगातून जमिनीत गेली असेल या संशयावरूनच, निमिषात पुरवठा तोडते.