टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही

आज एकच प्रश्न घेऊ: "फ्लॅटमधल्या पाण्याचा टीडीएस ११० येतो, म्हणजे शिसं नसणार ना?"

त्यावरून काहीच कळत नाही. आयएस १०५०० : २०१२ या आपल्या मानकात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० पीपीबी. मीटरचा आकडा मात्र एकेक मिलिग्रॅमने सरकतो. शिसं मर्यादेच्या पन्नासपट असलं तरी स्क्रीनवर ११० च दिसू शकतं.

"पण आपलं पाणी गंगापूर धरणाचं आहे." बरोबर, पण शिसं बहुतेक वेळा वाटेत मिसळतं. पितळी नळ, जुने सोल्डरचे जोड, पीव्हीसी पाइप. पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत, आणि त्यावर केंद्राचे नियम आले थेट २०२१ मध्ये. म्हणून धरणाच्या किंवा जलशुद्धीकरण केंद्राच्या रिपोर्टवरून तुमच्या नळाचं कळत नाही.

मग टेस्ट कोणती? ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्या अमेरिकेतल्या १५ पीपीबीच्या आकड्यावर बेतलेल्या असतात. शिवाय न विरघळलेले कण त्यांना सापडत नाहीत. पट्टीवर शिसं दिसलं तर लॅबमध्ये जा, नाही दिसलं तर निश्चिंत होऊ नका. घरात लहान बाळ असेल तर मी पट्टीवर पैसेच घालवणार नाही, कारण मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही.

लॅब निवडताना एनएबीएलच्या साइटवर तिचा स्कोप बघा. त्यात पिण्याचं पाणी आणि शिसं, दोन्ही हवं. मग फोन करून विचारा: "मशीन कोणतं, आणि कमीत कमी किती पीपीबी पकडता?" आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस एएएस असेल तर उत्तम. साध्या फ्लेम एएएसला १० पीपीबीच्या आसपास नीट दिसत नाही. रिपोर्टवर 'बीडीएल' लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ 'मशीनला सापडलं नाही' एवढाच. मशीनची क्षमताच ५० पीपीबीची असेल तर तो बीडीएल काय कामाचा?

आता सॅम्पल. इथेच सगळी गंमत आहे. रात्री किचनचा नळ बंद केला की निदान सहा तास हात लावायचा नाही. सकाळी पहिल्या धारेचं एक लिटर भरायचं, प्युरिफायरच्या आधीचं. नळाची जाळी काढायची नाही. मग पाच मिनिटं पाणी सोडून दुसरी बाटली. पहिलीत जास्त आणि दुसरीत कमी आलं तर संशय नळावर आणि जवळच्या जोडांवर. दोन्हींत जास्त आलं तर बिल्डिंगचा पाइप किंवा टाकी तपासायला हवी. बाटली लॅबकडूनच घ्या आणि विसळू नका, आत ॲसिड असू शकतं. शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून ते घालतात.

अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये नेमकं हेच चुकलं होतं. लोकांना आदल्या रात्री नळ सोडून ठेवायला सांगितलं, आणि आकडे कमी आले. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या ईपीएला 'असं करू नका' म्हणून लेखी कळवावं लागलं.

आणि हो, रिपोर्ट येईपर्यंत पाणी उकळून काही होत नाही. वाफ जाते, शिसं भांड्यातच राहतं. आरओ असेल तर त्याचं पाणी वापरा.