झोपी गेलेल्यांचा जामानिमा

प्रलयानंतरच्या जगात घडणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांची पुस्तके चाळताना साहित्याच्या यादीपाशी फारसे कुणी थांबत नाही. बंदूक, पाण्याची बाटली, दोर, औषधपेटी, रेडिओ असा तो कोरडा मजकूर. पण माझ्या मते अशा खेळातली सर्वांत नाट्यमय पाने तीच. संकट यायच्या आधी कुणीतरी बसून ती यादी केलेली असते. येणारे संकट कसे असेल याचे भाकीत त्याने वस्तूंमधून मांडलेले असते. ते भाकीत जिथे चुकते तिथे गोष्ट सुरू होते. १९८० साली अमेरिकेत निघालेल्या ‘द मॉरो प्रोजेक्ट’ या खेळाने हे जितके नेमके पकडले, तितके माझ्या माहितीतल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाने पकडलेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अशा खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकेक पात्र घेतात, सूत्रधार प्रसंग सांगतो आणि फासे निकाल देतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४चा, ‘गामा वर्ल्ड’ १९७८चा. केविन डॉकरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रचलेल्या मॉरो प्रोजेक्टमध्ये ब्रूस मॉरो नावाचा माणूस अणुयुद्धाची चाहूल आधीच घेऊन स्वयंसेवकांच्या तुकड्या शीतनिद्रेत जमिनीखाली ठेवतो. युद्धानंतर तीन ते पाच वर्षांनी उठायचे आणि देश सावरायचा, अशी योजना. त्यांना उठवणारे मुख्य ठाणेच गारद होते आणि तुकड्यांना जाग येते ती १५० वर्षांनी.

आता जामानिमा पाहू. सुरुवातीच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खेळाडू फासे टाकून सोन्याची नाणी मिळवतो आणि हवे ते विकत घेतो. इथे तुकडीच्या कामाप्रमाणे साहित्य आधीच वाटलेले असते; टेहळणीच्या ‘रेकॉन’ला वेगळे, लढाऊ ‘मार्स’ला वेगळे, शास्त्रज्ञांना वेगळे. अंगावर ‘रेझिस्टवीव्ह’चा चिवट पोशाख, फ्यूजनवर चालणारे वाहन, रेडिओ, औषधे, किरणोत्सार मोजणारी उपकरणे. हे सगळे पाच वर्षांनंतरच्या जगासाठी चोख आहे. अणुस्फोटानंतर पडणाऱ्या धुळीबद्दल एक ढोबळ नियम आहे. काळ सातपट झाला की किरणोत्सार दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे पहिल्या तासाच्या मानाने सात तासांनी दहावा हिस्सा, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. मागे रेंगाळणाऱ्या सीझियम-१३७चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे, त्यामुळे १५० वर्षांत त्याचाही बत्तिसावा हिस्साच उरतो. ज्या भीतीपोटी ती उपकरणे दिली ती बरीचशी ओसरलेली. समोर उभी आहेत ती पाचव्या-सहाव्या पिढीतली माणसे, त्यांची बदललेली बोली, त्यांची दैवते आणि वैरे. त्यांच्यासाठी पेटीत काहीही नाही.

होकायंत्राचेच घ्या. लष्करी होकायंत्र रात्री दिसावे म्हणून त्यावर ट्रिटियम लावतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे १५० वर्षांनी चार हजारावा हिस्साही शिल्लक नाही. सुई फिरेल, पण अंधारात दिसणार नाही. आणि दिवसा दिसली तरी नकाशावर छापलेला चुंबकीय विचलनाचा कोन जुना झालेला. लंडनमध्ये १९व्या शतकाच्या आरंभी खऱ्या उत्तरेपासून सुमारे २४ अंश पश्चिमेला झुकणारी सुई आज जवळजवळ सरळ उत्तर दाखवते. नकाशावरच्या नद्यांचेही तेच. मिसिसिपीचे पाणी अचाफलाया नदीकडे वळू नये म्हणून लुइझियानात १९६३ साली ओल्ड रिव्हरचे नियंत्रक बांधकाम पुरे झाले. त्याची देखभाल थांबली तर नदी वाट बदलण्याची शक्यता अभियंते गंभीरपणे धरतात. सूत्रधाराने एवढ्या दोन वस्तू नीट हाताळल्या तरी राक्षसांची गरज उरत नाही.

हे केवळ खेळातले नाही. १९६०च्या दशकात अमेरिकी नागरी संरक्षण खात्याने सार्वजनिक आसऱ्यांत बिस्किटे, पाण्याची पिंपे, औषधे आणि किरणमापक भरले, ते सुमारे दोन आठवड्यांच्या हिशेबाने. हा हिशेब वरच्या नियमाशी जुळतो. त्यामागे भौतिकशास्त्र होते. पण त्यात बियाणे नव्हते, शेतीची अवजारे नव्हती. पंधराव्या दिवशी बाहेर कोणते जग असेल, हा प्रश्न यादीने विचारलाच नाही. २००६ साली ब्रुकलिन पुलाच्या पायथ्यातल्या एका खोलीत असा साठा सापडला. खोक्यांवर १९५७ आणि १९६२ ही साले होती.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. एक असा की याद्यांनी खेळ हिशेबाच्या वहीसारखा होतो. २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने मोजदाद बरीच सैल केली आणि तरी तो जिवंत राहिला. खरे आहे. पण १९८४च्या ‘ट्वायलाइट: २०००’कडे पाहा. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पोलंडमधले सैनिक तिथे गाड्या गाळलेल्या अल्कोहोलवर चालवतात. भट्टी लावायची म्हणजे मुक्काम आला, मुक्काम म्हणजे शेजारच्या गावाशी बोलणी आली. इंधनाचा हिशेबच तिथे माणसांना माणसांसमोर आणतो. या उदाहरणाने मॉरो प्रोजेक्टचे खरे वैगुण्यही उघड होते: फ्यूजनच्या वाहनामुळे तिथे इंधनाची ओढाताणच नाही. तरी मी ती सवलत मान्य करतो, कारण साठवलेले पेट्रोल काही वर्षांतच बिघडते आणि १५० वर्षांची कल्पना पहिल्याच किलोमीटरला अडकली असती.

दुसरा आक्षेप बंदुकांचा. पुनर्बांधणीला निघालेल्या लोकांकडे एवढी शस्त्रे कशाला? डॉकरी यांना शस्त्रांचे मनापासून वेड, पुढे त्यांनी त्यावर पुस्तकेही लिहिली, आणि त्या पानांचा फुगवटा लपत नाही. मात्र याच असमतोलातून खेळातला सर्वांत अवघड प्रसंग उभा राहतो. ‘गामा वर्ल्ड’मध्ये माणसाला जग ओळखीचे असते आणि सापडलेली जुनी वस्तू अनोळखी, इथे वस्तू पाठ असतात आणि जग अनोळखी. मदत करायला आलेली तुकडी चिलखती गाडीतून गावात शिरते, तेव्हा गावकऱ्यांना दिसते ती तोफ. औषधपेटी आत मागच्या कप्प्यात असते. गाडी किती दूर ठेवायची, कोणी निःशस्त्र पुढे जायचे, हे वाटपाच्या यादीत लिहिलेले नाही, आणि खेळाडूंना ते पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.