आमची वंशावळ

आमच्या घराण्याची जुनी नावे फक्त आजीलाच तोंडपाठ आहेत. ती विसरली तर कुणाला विचारायचं? म्हणून मी पाच पिढ्यांची नावे वहीत उतरवली. काकांनी ती संगणकावर घातली.

वंशावळीच्या फाईलला गेडकॉम म्हणतात. ही पद्धत १९८४ साली निघाली. तिच्यात नुसता मजकूर असतो, म्हणून ती वंशावळीच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये उघडते. पण साध्या गेडकॉममध्ये फोटो जात नाहीत, ते वेगळे पाठवावे लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. नाहीतर चेहरे पुसट होतात. फोटोला माणसाचे नाव, गाव व साल द्यावे. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र सगळ्यांना पाठवू नयेत.

मित्रांनो, तुमच्याही आजीला आजच विचारा!