लाल बासनातली वही

माझ्या आजीची एक वही होती, लाल बासनात बांधलेली. लाखोल्या किती वाहिल्या, कोणत्या चातुर्मासात काय सोडले, कुणाला किती शिधा दिला, सारे तीत टिपलेले. शेवटच्या दुखण्यात तिने मला जवळ बोलावून विचारले, "एवढं पुरेल का रे?" मला उत्तर सुचेना.

तो प्रश्न पुन्हा आठवला केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात. रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनीही, असाच पुण्यसंचय मांडला होता. होते नव्हते ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात वेचले. पुढे दुष्काळात त्या कुटुंबावर झाडपाला खाऊन राहण्याची पाळी आली. आईवडील आणि थोरली बहीण त्यातच गेली.

1883 साली इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, हे पुष्कळांना ठाऊक असते. मला नवल वाटते ते पुढचे. तब्बल आठ वर्षांनी त्यांना उमगले (आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहूनही ठेवले) की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही! म्हणजे या विदुषीने नव्या धर्मातही नकळत वहीच उघडली होती. तारण कमवायचे नसते, रित्या हातांनी घ्यायचे असते. संत पौलाच्या पत्रांतली 'कृपा' ती हीच. लूथरने सोळाव्या शतकात याच शब्दावरून युरोप हलवला. आपल्या वारकऱ्यांनाही कृपा परकी नाही. पण ख्रिस्ती माणसाची कृपा क्रुसावरच्या मरणाशी बांधलेली असते. तो फरक पुसू नये.

केडगावला त्यांनी एका घराचे नाव 'कृपासदन' ठेवले. ते कुणासाठी? तर समाजाने 'पतित' म्हणून दाराबाहेर काढलेल्या बायांसाठी. आधी सुधारा, मग घर देऊ, असे म्हटले असते तर त्या आल्या कशाला असत्या? दुष्काळातल्या अनाथ मुली आल्या, विधवा आल्या, आंधळ्या आल्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करीत राहिल्या, ते 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत. ते छापण्याचे कामही तिथल्या बायकांनीच केले.

आजी असती तर हे तिला सांगितले असते. तिने नीट ऐकून घेतले असते आणि विचारले असते, "सगळं फुकट मिळालं होतं, तर त्या बाईनं एवढे कष्ट कशाला उपसले रे?"

"मिळालं म्हणूनच, आजी," मी म्हटले असते.

तिने वही उशाखाली सारली असती, हे मात्र नक्की.