दर्या आणि रस्ता

उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मुंबईच्या वरळी कोळीवाड्यातील कोळी बांधव याच दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरतात. त्यांच्या दारातून एक मोठा रस्ता निघाला, तेव्हा काय घडले ते पाहा.

मुंबई शहर लांब पण अरुंद आहे. रस्ते रुंद करायला जागा कुठून आणणार? म्हणून महानगरपालिकेने २०१८ साली समुद्राच्या कडेने सुमारे साडेदहा किलोमीटरचा रस्ता बांधायला घेतला. हाजी अलीच्या दर्ग्याजवळून तो जातो. त्यासाठी समुद्रात भराव घालावा लागला. किनाऱ्यावरील बांधकामासाठी आपल्या देशात १९९१ सालापासून वेगळे नियम आहेत. त्यांच्या आधारे लोक न्यायालयात गेले. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सुरू करू दिले.

वरळीजवळ हा रस्ता पुलावरून समुद्र ओलांडतो. पुलाच्या खांबांमधून होड्यांनी ये-जा करायची होती. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर होते ६० मीटर. तेवढे पुरेसे आहे, असे महापालिकेचे म्हणणे होते. कागदावर पाहिले तर होडी किती लहान आणि ६० मीटर किती मोठे! पण समुद्र कागदासारखा स्थिर नसतो. वारा सुटला, लाटा उसळल्या की होडी सरळ रेषेत चालत नाही, बाजूला ढकलली जाते. त्यात समोरून दुसरी होडी आली तर ती खांबावर आदळायची भीती. म्हणून कोळ्यांनी १६० मीटर अंतर मागितले. २०२१ साली त्यांनी होड्या समुद्रात नेऊन काम रोखले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब गाळण्याचे ठरले आणि अंतर १२० मीटर झाले. नकाशा काढण्यापूर्वीच त्यांना विचारले असते, तर इतका वेळ गेला नसता, असे मला वाटते.

मार्च २०२४ पासून हा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. प्रवासाचा वेळ खरोखरच वाचला. किनाऱ्यावरच्या खडकांवरील काही प्रवाळ २०२० साली उचलून दुसरीकडे नेऊन लावले होते. पण ज्या खडकांच्या कपारींत खेकडे आणि कालवे वाढत, ते खडक काही उचलून नेता आले नाहीत. त्यांतले कितीतरी आज भरावाखाली आहेत.