युरोपांतील आगगाडी : पास घ्यावा कीं तिकीट?

‘पास’ हा शब्द मुंबईकरास नवा नाहीं. लोकल गाडीचा महिन्याचा पास काढला म्हणजे तो रोजच्या तिकिटापेक्षां स्वस्तच पडावयाचा, याविषयीं येथें कोणासही शंका येत नाहीं. परंतु हाच समज मनांत बाळगून युरोपांतील आगगाडीचा पास घेणारा प्रवासी पुष्कळदां अकारण अधिक पैसे देतो. दोन्हींचें नांव एक असलें तरी धर्म भिन्न आहेत. मुंबईचा पास नित्य एकाच मार्गानें जाणाऱ्याकरितां आहे. युरोपांतील पास नित्य नव्या मार्गानें जाणाऱ्याकरितां निघालेला आहे.

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठीं ‘युरेल’ पास १९५९ सालीं सुरू झाला. युरोपांतील रहिवाशांकरितां ‘इंटररेल’ पास १९७२ सालीं निघाला, व तोही आरंभीं २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांपुरताच होता. आज हे दोन्ही पास ३३ देशांत चालतात. यांपैकीं कोणता घ्यावयाचा, हें प्रवाशाच्या वास्तव्यावरून ठरतें. पुण्याहून जाणाऱ्यानें युरेल घ्यावा. जर्मनींत राहून शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानें इंटररेल घ्यावा. मात्र इंटररेलवर आपल्या वास्तव्याच्या देशांत जातांना एकदां व परततांना एकदां, एवढाच प्रवास करतां येतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांस व ६० वर्षांवरील वृद्धांस दोन्ही पासांत सवलत असते.

पासाचे मुख्य प्रकार दोन. एक सलग मुदतीचा, म्हणजे १५ दिवस किंवा महिनाभर रोज चालणारा. दुसरा मोजक्या दिवसांचा : उदाहरणार्थ, एका महिन्यांत कोणतेही ४ किंवा ७ दिवस प्रवास करावा. प्रवासाचा ‘दिवस’ मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत धरतात; तेवढ्या वेळांत गाड्या कितीही बदलाव्या. एकाच गाडीनें रात्रभर प्रवास केल्यास निघण्याचा दिवस तेवढा मोजला जातो.

आतां तिकिटांकडे वळूं. तेथील लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांचें भाडें बहुतेक ठिकाणीं विमानाच्या भाड्याप्रमाणें कमीजास्त होतें. कांहीं आठवडे आधीं घेतलेलें तिकीट अत्यंत स्वस्त पडतें; तेंच आयत्या वेळीं कित्येक पट महाग होतें. परंतु असें स्वस्त तिकीट बहुधा त्याच दिवसाच्या त्याच गाडीस बांधलेलें असतें. गाडी चुकली कीं पैसे बुडाले. याउलट इटलींतील ‘रेजिओनाले’सारख्या साध्या गाड्यांचें भाडें अंतरावर ठरलेलें असून तें आदल्या दिवशींही बदलत नाहीं. अशा तिकिटांची घाई करण्याचें कारण नाहीं.

पास घेतांना नजरेआड राहणारा खर्च आसनाच्या आरक्षणाचा होय. फ्रान्समधील ‘टीजीव्ही’, स्पेनमधील ‘आवे’, इटलींतील ‘फ्रेच्चारोस्सा’ व समुद्राखालून लंडनला जाणारी ‘यूरोस्टार’ या गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे निराळे भरावे लागतात. यूरोस्टारमध्यें तर पासधारकांकरितां जागाच मर्यादित असतात. इटलींतील ‘इतालो’ ही खासगी गाडी हा पास मानीतच नाहीं. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत मात्र पासधारकानें सरळ चढून बसावें. म्हणून पासाची खरी किंमत देशपरत्वें बदलते.

दोन प्रवासी कल्पूं. पहिल्यास रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस हीं तीन शहरें पाहावयाचीं आहेत. रोमहून फ्लॉरेन्स सुमारें दीड तास, तेथून व्हेनिस सव्वादोन तास. प्रवास दोनच, आणि तारखाही ठरलेल्या. यानें आधीं तिकिटें काढावीं. पास त्याच्या उपयोगाचा नाहीं. दुसरा झुरिकहून व्हिएन्ना, तेथून म्यूनिक व पुढें बर्लिनला जाणार; वाटेंत साल्झबुर्ग आवडल्यास तेथें उतरण्याची त्याची इच्छा आहे. याचे पल्ले लांब, आरक्षणाची सक्ती नाहीं व बेत सैल. यास पास लाभदायक ठरण्याचा संभव मोठा.

हिशेबाची रीत सोपी आहे. पासाच्या किंमतीस प्रवासाच्या दिवसांनीं भागावें व त्यांत आरक्षणाचा खर्च मिळवावा. मग त्या दिवसांचीं तिकिटें आज कितीस मिळतात तें पाहावें. दोन आंकडे शेजारीं मांडले कीं वाद उरत नाहीं.

भारतीय प्रवाशास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते, ती व्हिसाची. मुलाकडे युरोपास निघालेल्या निवृत्त दांपत्यानें बचतीच्या पैशांतून परत न होणारीं तिकिटें काढलीं आणि व्हिसा वेळेवर हातीं आला नाहीं, तर ती सर्व रक्कम जाते. वापर सुरू न केलेला साधा युरेल पास कांहीं रक्कम कापून परत करतां येतो. सवलतीच्या विक्रींतील पासाचे नियम निराळे असूं शकतात, ते विकत घेण्यापूर्वीं वाचावे. व्हिसाची खात्री नसतांना थोडे अधिक देऊन बदलतां येणारें तिकीट अथवा पास घेणें, यांतच शहाणपण आहे.

पास हल्लीं बहुधा मोबाइल फोनवरच असतो. गाडींत पाऊल टाकण्यापूर्वीं त्या दिवसाचा प्रवास त्यांत नोंदवावा; न नोंदविल्यास पास जवळ असूनही दंड भरण्याची पाळी येते.

तात्पर्य, पास ही स्वातंत्र्याची किंमत आहे, स्वस्ताईची हमी नव्हे. ज्याचा बेत पक्का व पल्ले थोडे, त्यानें लवकर तिकिटें घ्यावीं. ज्याचे पल्ले लांब व मन मोकळें, त्यानें पासाचा विचार करावा.