भाषेची शीव आणि राज्याची शीव

भाषा बोलली जाते घरात आणि शिकविली जाते शाळेत. परंतु तिचे शब्द वेचणे, लेखनाचे नियम ठरविणे, कोश रचणे आणि जुने लेख उजेडात आणणे ही कामे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील नसतात. त्यासाठी विद्वानांना संस्था उभारावी लागते. अशा संस्थेचे क्षेत्र कोठवर मानावयाचे, हा प्रश्न सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सौसर व पांढुर्णा या दोन तालुक्यांना फार जवळचा आहे.

१९०६ च्या मे महिन्यात पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पेनमधील बार्सिलोना येथे कॅटलान भाषेची पहिली परिषद भरली आणि १९०७ साली तेथे कॅटलान अभ्यासाची संस्था निघाली. या संस्थेने १९१३ साली शुद्धलेखनाचे नियम घालून दिले. तिचे अग्रणी पोंपेउ फाब्रा यांचा शब्दकोश १९३२ साली प्रसिद्ध झाला. यादवी युद्धानंतर, १९३९ पासून, तिच्यावर संकट ओढवले. तेव्हा सभासद खाजगी घरांत जमून काम करीत राहिले. १९७६ साली तिला पुन्हा राजमान्यता मिळाली.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १६५९ च्या तहाने कॅटलान मुलखाचा उत्तरेकडील एक तुकडा फ्रान्सकडे गेला. तरीही संस्थेने आपले क्षेत्र स्पेनच्या सरहद्दीशी थांबविले नाही. फ्रान्समधील पर्पिन्यान शहरातही तिचे प्रतिनिधिमंडळ आहे. राज्याची शीव तहाने ठरते. भाषेची शीव बोलणाराच्या ओठांवर असते, हेच त्या संस्थेने मानले.

आपल्याकडे विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, अमरावतीस झाली. पुढे नागपूर हे त्याचे केंद्र बनले. त्या काळी नागपूर, वऱ्हाड आणि छिंदवाडा हे सारे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. संबंध तर त्याहूनही जुना. नागपूर शहर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद हा देवगडचा, आणि ते देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. त्यामुळे सौसर-पांढुर्ण्याच्या माणसाला नागपूर कधी परके वाटले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरी, शेतात आणि बाजारात मराठी, पण कचेरीत हिंदी, अशी दुहेरी व्यवस्था आली. हिंदी ही परकी नव्हे. तिच्यावर राग धरण्याचेही कारण नाही. परंतु जी भाषा केवळ बोलली जाते आणि लिहिली-वाचली जात नाही, तिची शब्दसंपत्ती पिढीगणिक आटत जाते.

विद्येने मात्र ही शीव मानली नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातील संस्कृत ताम्रपट पांढुर्ण्यास सापडला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा समावेश १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाकाटक लेखांच्या ग्रंथात केला. राज्याची रेघ मध्ये आली म्हणून ताम्रपट वगळावा, असे त्यांना वाटले नाही.

पुणे, मुंबई, मराठवाडा व विदर्भ येथील साहित्यसंस्था १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळात एकत्र आल्या. महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. भोपाळचा मध्यप्रदेश मराठी साहित्य संघही महामंडळाशी जोडला गेला. म्हणजे शिवेपलीकडे हात पोचविण्याची वाट तयार आहे. आता तिच्यावर वर्दळ हवी.

२०२३ साली विदर्भ साहित्य संघाने शंभर वर्षे पूर्ण केली. त्याच साली पांढुर्णा व सौसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा मान दिल्लीत जाहीर झाला, परंतु त्याची कसोटी जांब नदीच्या काठी लागणार आहे. तेथील संत्र्याच्या बागेतले, कपाशीच्या शेतातले आणि पोळ्याच्या सणातले शब्द जाणत्या वृद्धांच्या तोंडून टिपून ठेवणे, गावच्या वाचनालयात चार मराठी पुस्तके पोचविणे आणि हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला देवनागरी येतच असल्यामुळे त्याच्या हाती मराठी पुस्तक देणे, ही कामे लहान दिसतात. त्या मुलाला नवी अक्षरे शिकावयाची नाहीत. आपल्या आजीची भाषा छापलेली असते, एवढेच त्याला दाखवावयाचे आहे.